खेळ आणि पोटपाणी (भाग 6) : करार संपला की खेळाडू कुणाचा?

मागच्या भागात आपण प्रो कबड्डीतला पहिला करार पाहिला. खरी कसोटी पुढे असते. वय तिशीपार गेलेलं, खांदा एकदा दुखावलेला, आणि करार संपलेला. अशा खेळाडूला काय मिळतं? सुरगाणा, उंबरठाण, बाऱ्हे भागातल्या आश्रमशाळांच्या मैदानांवर कबड्डी नि खो-खो खेळणाऱ्या पोरांच्या घरच्यांनी हे आजच समजून घ्यावं. भात-नागली निघाली की द्राक्षबागेच्या मजुरीसाठी दिंडोरी-निफाड गाठणाऱ्या घरात लिलावातला एक आकडा ऐकून घर, लग्न, कर्ज असे सगळे बेत ठरू शकतात.

चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई घ्या. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे 218 गुण मिळवले आणि 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. 2021 मध्ये 1 कोटी 30 लाख. मग दुखापत. 2023 मध्ये हरियाणा स्टीलर्सकडून पुन्हा 1 कोटी, आणि 2024 मध्ये दबंग दिल्लीकडून 26 लाख. माणूस तोच, चढाईही तीच. एका वर्षात भाव पावपटीवर आला.

हे घडतं कसं? खेळाडूंचे अ ते ड असे चार गट असतात. अ गटाची मूळ किंमत 30 लाख, ड गटाची 9 लाख. संघाकडे ठरावीक रक्कम असते. दोन-तीन तगड्या खेळाडूंवर ती उडाली की उरलेल्या पैशात बाकीचा संघ बसवायचा, आणि तिथे अनुभवी खेळाडूपेक्षा स्वस्तातला नवा पोरगा परवडतो. बोली थांबली की पुकारणारा जुन्या संघाच्या टेबलाकडे पाहतो. त्यांच्याकडे ‘फायनल बिड मॅच’चं कार्ड असेल, तर शेवटच्या बोलीइतके पैसे देऊन ते खेळाडू परत घेतात. सिद्धार्थला 2021 मध्ये टायटन्सने असंच ठेवून घेतलं. जायचं कुठे, हे या सगळ्यात खेळाडूला कुणी विचारत नाही.

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्येही करार संपलेल्या तरुण खेळाडूला जुना संघ बरोबरीची रक्कम देऊन ठेवू शकतो. मुरलेला खेळाडू मात्र मोकळा होतो. त्याला ‘फ्री एजंट’ म्हणतात. ख्रिस पॉल हा गार्ड 2025 च्या जुलैत, चाळिसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला, कारण त्याचं कुटुंब त्या शहरात होतं. करार एका वर्षाचा, सुमारे 36 लाख डॉलरचा. त्या लीगमध्ये ही रक्कम किमान दराची आहे, पण तो किमान दर खेळलेल्या वर्षांनुसार वाढतो. शिवाय अशा एका वर्षाच्या करारात संघाच्या हिशेबात सुमारे 23 लाख डॉलरच धरले जातात; वरचा फरक लीग भरते. त्यामुळे अनुभव महाग पडतो म्हणून संघ त्याला टाळत नाही. खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी वाटाघाटी करून मिळवलेला हा नियम आहे.

मला हा नियम मोलाचा वाटतो आणि तो कबड्डीत यायला हवा. सात-आठ हंगाम खेळलेल्याची मूळ किंमत वर्षांवर ठरावी, फरक लीगने सोसावा, आणि दोन संघ तयार असतील तर निवड खेळाडूने करावी. खो-खोच्या अल्टिमेट लीगने 2022 मध्ये सुरुवातच लिलावाऐवजी ड्राफ्टने, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडून, केली. तिथे तर बोली वाढायचीही सोय नाही.

नियम बदलेपर्यंत खेळाडूचा टिकाऊ करार एकच : नोकरी. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांना ती ओएनजीसीत मिळाली. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून लागते. ट्रंकेत ठेवलेली प्रमाणपत्रं बाहेर काढा आणि जाहिरात निघायची वाट न पाहता अर्ज करा. कागद कोणते लागतात, ते पुढच्या भागात.