चांगलं जनुक, पण घडीत बंद!

आज आधी एक मांजर डोळ्यांसमोर आणा. अंगावर थोडे काळे, थोडे केशरी पट्टे. अशी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. का, तेच सांगतो.

सस्तन प्राण्यांत मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं, नराच्या पेशीत एकच. दोन्ही चालू राहिली तर जनुकांचा डोस दुप्पट! म्हणून मादीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स बंद होतं. ही कल्पना ब्रिटिश संशोधक मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली.

हे नेमकं कसं घडतं, ते उंदराच्या भ्रूणातल्या स्टेम सेलमध्ये बघता येतं. पुढे चेतापेशी व्हायचं की त्वचा, हे या पेशींचं अजून ठरलेलं नसतं. तोवर दोन्ही एक्स चालू. पेशी एका मार्गाला लागली, की एका एक्सवरचं ‘एक्झिस्ट’ नावाचं जनुक जोरात कामाला लागतं. त्यातून प्रोटीन बनत नाही. बनतो आरएनए, आणि तो त्याच गुणसूत्रावर चादरीसारखा पसरतो. मग डीएनए ज्या हिस्टोन प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या ‘चालू’च्या रासायनिक खुणा जातात, ‘बंद’च्या लागतात. अख्खं गुणसूत्र आकसून गाठोडं होतं. डीएनएचं एक अक्षरही बदललेलं नसतं बरं का; बदलते ती घडी. एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच.

कोणतं एक्स बंद होणार, हा छापा-काटा. पण एकदा ठरलं, की त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी ते पाळतात. मांजरीचे काळे-केशरी पट्टे त्यातूनच येतात.

आता यातली गंभीर गोष्ट. रेट सिंड्रोम असलेली मुलगी सुरुवातीला नीट वाढते, मग तिचं बोलणं, हातांचा वापर हरवत जातो. बहुतेक वेळा एक्सवरच्या ‘एमईसीपी२’ जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. तिच्या कितीतरी चेतापेशींत हीच प्रत चालू असते, आणि चांगली प्रत शेजारच्या एक्सवर घडीत बंद! एड्रियन बर्ड यांच्या गटाने २००७ मध्ये आजारी उंदरांत हे जनुक उशिरा चालू केलं, तरी लक्षणं बरीच मागे हटली.

म्हणून संशोधक ही घडी उलगडायच्या मागे आहेत. मात्र अख्खं एक्स उघडलं तर पुन्हा दुप्पट डोस. उघडायचं आहे ते गाठोड्यातलं फक्त एक जनुक, आणि खरी कसरत तीच आहे.

भेटू पुढच्या भागात!