मनगटावरची वेळ आणि खिशातली वेळ

मागील व्याख्यानानंतर काही मंडळींनी मला विचारले, की मनगटावरचे स्मार्टवॉच अधिक अचूक की खिशातला फोन? शब्बाथचे दिवे लावताना कोणावर विसंबावे? यात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र गुंतले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

प्रथम यंत्राकडे पाहू. दोन्हींच्या पोटात क्वार्ट्झचा लहानसा स्फटिक असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि त्या कंपनांची मोजदाद म्हणजेच आपली वेळ. साध्या क्वार्ट्झ घड्याळात महिन्याकाठी सुमारे 15 सेकंदांची चूक साचू शकते. स्मार्टवॉच व फोन ती साचू देत नाहीत, एवढाच त्यांचा विशेष. फोन मोबाइलच्या मनोऱ्यांशी आणि इंटरनेटवरील वेळ पुरविणाऱ्या सर्व्हरांशी आपली वेळ ताडून पाहतो. घड्याळ बहुधा फोनशी. ही साखळी मागे मागे नेली, तर आपण कोलोरॅडोतील बोल्डर येथील राष्ट्रीय मानक संस्थेच्या किंवा वॉशिंग्टनमधील नौदल वेधशाळेच्या आण्विक घड्याळांपाशी पोहोचतो. आपले घड्याळ जागतिक वेळेपासून 50 मिलिसेकंदांच्या आत राहते, असे ॲपलने 2014 साली जाहीर केले. 50 मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो.

फोन घरी विसरला आणि घड्याळ एकटे पडले, तरी दिवसाकाठी अर्ध्या सेकंदाच्या आसपास फरक पडेल. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते टाइम झोनमुळे. इंडियाना राज्यातून दोन टाइम झोनांची सीमा जाते. तेथे फोनने पलीकडचा मनोरा पकडला, तर चूक सेकंदाची नव्हे, पूर्ण एक तासाची होते, आणि मनगटावरचे घड्याळही निमूटपणे तीच चूक दाखविते.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच. दिवे लावायचे ते सूर्यास्तापूर्वी, बहुतेक ठिकाणी 18 मिनिटे आधी. सूर्य मात्र टाइम झोन जाणत नाही. बोस्टन आणि डेट्रॉईट ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्हींकडे घड्याळात एकच वेळ असते. पण रेखांशात 12 अंशांचे अंतर असल्यामुळे डेट्रॉईटचा सूर्य सुमारे 48 मिनिटे उशिरा मावळतो. डेट्रॉईटचे वेळापत्रक पाहून बोस्टनमध्ये दिवे लावणाऱ्याचा शब्बाथ केव्हाच सुरू झालेला असेल, मग त्याचे घड्याळ कितीही अचूक असो.

हा घोळ प्रमाणवेळेने आणला. 18 नोव्हेंबर 1883 रोजी अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी गावोगावच्या वेळा बाजूला सारून प्रमाणवेळेचे पट्टे पाडले. आपल्या मुंबईने तर याला दीर्घकाळ दाद दिली नाही. भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असणारी ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत टिकून होती. आणि कोकणात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या आपल्या पूर्वजांना शुक्रवारी समुद्राकडे पाहिले की पुरत असे.

सूर्यास्ताचे गणितही मिनिटापलीकडे विश्वासार्ह नसते. हवेचे तापमान व दाब यांनुसार सूर्यकिरण कमी-अधिक वाकतात. म्हणून माझे सांगणे एवढेच, की मिलिसेकंदांची चर्चा सोडून ॲपमध्ये निवडलेले शहर कोणते, ते आधी पाहावे, आणि प्रवासास निघण्यापूर्वी ते बदलावे.

शब्बाथ काटेकोर पाळणारी मंडळी दिवे लागल्यावर फोन व स्मार्टवॉच दोन्ही दूर ठेवतात. शनिवारी सायंकाळी हवदालाची वेळ पाहण्यास त्यांच्या भिंतीवरचे साधे घड्याळ पुरेसे आहे. ते मार्च व नोव्हेंबर महिन्यांत हाताने एक तास पुढे-मागे करावे लागते. पण तो बदल रविवारी पहाटे दोन वाजता होतो, तेव्हा शब्बाथ सरल्यावर त्यासाठी भरपूर अवधी असतो.