खोपा औंदाचा की गेल्या सालचा?

दुपारपर्यंत माझ्या फोटोला दोनशेवर लाइक्स आले होते. फोटो सॉल्लिड होता, यात वाद नाही. सोनेरी उजेड, सोनेरी खोपा आणि त्याला उलटा लटकलेला पिवळाधमक नर सुगरण. मागे काहीच नाही, नुसती मऊ धूसर पार्श्वभूमी. कॅलेंडरवर छापावा असा.

भानगड एकच होती. तो फोटो खोटा होता. आणि त्याच्यापायी आमच्या मामांच्या विहिरीवरचे सगळे खोपे दुसऱ्या दिवशी विहिरीत पडणार होते.

पुण्यात सोमवार ते शुक्रवार आयटीची हमाली केली की शनिवार-रविवार आम्ही 'बर्ड फोटोग्राफर' असतो. तुमच्याही ग्रुपमध्ये असा एखादा नमुना असेलच. ऑगस्टमधल्या एका लाँग वीकेंडला कॅमेरा गाडीत टाकला आणि मामांच्या गावाला, देवळाली प्रवऱ्याला निघालो. नगर-मनमाड रस्त्याने राहुरी मागे टाकायची, राहुरी फॅक्टरीला आत वळायचं, की उसाचा हिरवा समुद्र सुरू होतो.

मामांच्या मळ्यात जुनी विहीर आहे. काठावर बाभूळ, तिची एक फांदी थेट पाण्यावर झुकलेली आणि त्या फांदीला दरवर्षी सुगरणींचे खोपे. जागा पाखरांनी डोकं चालवून निवडलेली असते. वर काटे, खाली पाणी. सापाची किंवा मांजराची तिथवर यायची सहसा हिंमत होत नाही.

मी पोचलो तेव्हा मामांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. मळ्यात जायला बंदी. त्यात विहिरीतली मोटार जळाली होती आणि उसाला पाणी द्यायचं खोळंबलं होतं. दुसऱ्या दिवशी तिपाई उभी करून चेनपुलीने मोटार वर ओढायची होती, पण मध्ये नेमकी ती फांदी आडवी.

"जातोयस तर खोप्यांचा एक फोटो काढून आण," मामा म्हणाले. "बघू मग काय करायचं ते."

मी दोन तास विहिरीवर होतो. परत आल्यावर लॅपटॉपवर फोटो 'बनवला'. व्हाइट बॅलन्स पिवळ्याकडे सरकवला, सॅच्युरेशन वाढवलं आणि आजूबाजूची 'गर्दी' क्रॉप केली. मग मोबाइल मामांपुढे धरला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ बघितलं.

"पाखरू झ्याक आलंय. पण खोपा औंदाचा का गेल्या सालचा रे?"

मी पण मोबाइलकडे पाहिलं. खोपा वाळलेल्या गवतासारखा सोनेरी. "जुना दिसतोय, मामा."

"मग तोडा फांदी. रिकामे खोपे काय करायचेत?"

दोन तास त्या झाडासमोर बसलेला माणूस मी. तरी उत्तर दिलं ते फोटोकडे बघून. कारण खोपा मी पाहिलाच नव्हता. व्ह्यूफाइंडरमधून फक्त नराचा पिवळा रंग पाहत होतो.

रंग म्हणजे पाखराची डायरी

रात्री आणखी एखादा फोटो टाकावा म्हणून मूळ रॉ फाइल उघडली आणि पोटात गोळाच आला. खोप्याचा खालचा अर्धा भाग चक्क हिरवा होता! नर सुगरण गवताच्या, उसाच्या हिरव्या पातीच्या बारीक चिरफळ्या काढून खोपा विणतो. ताजी वीण हिरवी, मग पोपटी, मग पिवळी आणि शेवटी तपकिरी. म्हणजे खोप्याचा रंग हीच त्याची तारीख. मी व्हाइट बॅलन्स सरकवला तेव्हा ती तारीखच पुसली होती.

आणि मी क्रॉप केलेली गर्दी? त्यात दोन अर्धवट खोपे होते, उलट्या टोपीसारखे. सुगरण नाव बाईचं, पण विणकाम नराचं. तो खोपा अर्धा विणतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आतून तपासते. पसंत पडला तर तो पुढची खोली आणि खाली लोंबणारी नळी पूर्ण करतो. मग गडी दुसऱ्या खोप्याच्या आणि दुसऱ्या बायकोच्या तयारीला लागतो. हा सगळा संसार सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला बसून टिपला होता. माझ्या फ्रेममध्येही तो आला होता. मी कापून टाकला.

एका खोप्याच्या नळीशी मादी बसलेली होती. चिमणीसारखी तपकिरी, साधी. वाढवलेल्या सोनेरी रंगात ती खोप्यातच विरघळून गेली होती.

रात्री साडेदहाला मामांना उठवलं. मूळ फोटो दाखवला. ते नुसते "हं" म्हणाले आणि गड्याला फोन लावला, "फांदीला हात लावू नका." सकाळी तिपाई पलीकडच्या काठावर उभी केली. काम दोन तास लांबलं आणि चहाचा एक जादा राउंड झाला, एवढंच.

हे फक्त सुगरणीचं नाही

आमची प्रवरा पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, तिथे जायकवाडीच्या जलाशयाचं पाणी पसरलेलं असतं. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो येतात. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि पिल्लं राखाडी असतात. थव्याच्या फोटोत सॅच्युरेशनचा स्लायडर थोडा जास्त ओढलात, तर राखाडीवरही गुलाबी झाक चढते. मग थव्यात यंदाची पिल्लं किती, हे फोटो सांगूच शकत नाही.

निसर्ग छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१५ पासून लागू केलेल्या व्याख्येतही हेच आहे. एडिटिंग चालेल, पण ते नैसर्गिक दिसलं पाहिजे आणि निसर्गाचं सत्य बदलता कामा नये. क्रॉप चालतो. पण चालतो म्हणून काहीही कापायचं का, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मग करायचं काय?

माझ्या चुकांमधून निघालेले हे फंडे, फुकटात:

• रॉमध्ये शूट करा. बिघडलेला रंग मागे नेता येतो. माझं नाक त्यानेच वाचवलं.

• व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. उसाच्या हिरव्या गर्दीत ऑटो गडबडतो. उन्हात डेलाइट, ढगांत क्लाउडी ठेवा आणि उजेड बदलेपर्यंत तोच राहू द्या.

• ढगाळ दिवसाला नावं ठेवू नका. श्रावणातलं आभाळ म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स. पिवळा, हिरवा, तपकिरी असे तिन्ही रंग आपापल्या जागी राहतात.

• पिवळ्या पक्ष्याला एक्स्पोजर किंचित कमी द्या. पिवळ्यात लाल चॅनल आधी फुटतो आणि पिसांच्या रेघा जातात. म्हणून हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा.

• पक्षी ज्या दिशेला बघतोय तिकडे फ्रेममध्ये जागा सोडा. आणि तो तिथे का आहे, हे सांगणारी एक तरी गोष्ट ठेवा. विहिरीचा काठ, काटे, पाणी, काहीही. पक्षी थोडा लहान दिसला तरी चालेल.

• एडिट करताना मूळ फोटो शेजारी उघडा ठेवा. दहा मिनिटांत डोळ्यांना भडक रंगाची सवय होते, तिखटासारखी.

• खोप्यापासून लांब राहा. मोठी लेन्स वापरा, फांदी बाजूला करू नका, पक्षी बिचकले तर कॅमेरा बंद. अनेक स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत, ते याच कारणासाठी.

सप्टेंबरमध्ये पुन्हा गेलो. हिरवे खोपे आता पिवळे पडले होते. एक मादी चोचीत काहीतरी घेऊन नळीतून आत शिरत होती. मी समोरच्या काठावरून, लांबून एकच फ्रेम घेतली. डावीकडे वर बाभळीचे काटे, मधे खोपे, खाली काळंशार पाणी आणि कोपऱ्यात नव्या मोटारीचा निळा पाइप. रंगांना हात लावला नाही. पाइपही कापला नाही.

फोटो टाकला. लाइक्स आले एकोणचाळीस.

मामांनी मात्र तो चष्मा लावून पाहिला आणि एकही प्रश्न विचारला नाही. "या औंदाच्या खोप्यात पिल्लं हायत," एवढंच म्हणाले.