पाणी लागलं, पण कसलं?

विहिरीला पाणी लागलं की पेढे वाटायची रीत आहे. दर्यापूरकडं मात्र आधी घोटभर चाखून बघतात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. पाणी आहे, पण ते पिववत नाही आणि पिकालाही सोसत नाही.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर बसलेला. तिथं पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत; पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात आटतं. एका जागी फार काळ पडून राहत नाही, म्हणून बहुधा गोडं. पूर्णेचं खोरं म्हणजे याच खडकातला खचलेला भाग, नद्यांच्या गाळानं भरून आलेला. गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी गोटे आणि भरड वाळू साचली. तिथलं पाणी चांगलं. नदीकडं यावं तशी चिकणमाती वाढत जाते. तिच्यातून पाणी इतकं सावकाश सरकतं की क्षार धुऊन जायला वावच नाही. हे मीठ मुळात आलं कुठून, यावर भूशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

हल्ली टीडीएस मीटर घरोघरी पोचलाय. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. पण मीटर क्षार किती तेवढंच सांगतो, कुठले ते नाही. आकडा ३०० दिसला तरी फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेपलीकडं असू शकतं. मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी बाटली प्रयोगशाळेतच न्यावी लागते.

शेतीच्या पाण्याला प्रश्न वेगळा विचारावा लागतो: कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती? कॅल्शियम चिकणमातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो. सोडियमनं त्याची जागा घेतली की कण सुटे होतात, बारीक छिद्रं बुजतात, जमीन चोपण होते. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर आणखी पंचाईत. कॅल्शियम चुना होऊन बाहेर पडतो आणि सोडियमला रान मोकळं मिळतं. बरं, अशा पाण्याचा त्रास पहिल्या हंगामात जाणवेलच असं नाही. म्हणून तर माणूस फसतो.

घरी करून बघण्याजोगी गोष्ट आहे. चोपण रानातलं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. ढेकळाभोवती दुधासारखं धुकं पसरतं आणि तासन् तास खाली बसत नाही. मग चिमूटभर जिप्सम टाकून ढवळा. त्यातला कॅल्शियम कणांना पुन्हा एकत्र आणतो, गढूळपणा तळाशी जातो, वर पाणी निवळतं.

ग्लासात एवढ्यावर भागतं. रानात मात्र जिप्समनं सुटं केलेलं सोडियम वाहून जायला निचरा लागतो, आणि खाली आहे ती तीच चिकणमाती.