हीटर तापत नाही? आधी प्लग काढा!

न्हाणीघरात बंबाच्या जोडीला आता पाणी तापवण्याचा विजेचा हीटर आला आहे. सरपण नको, धूर नको. पण तो तापेनासा झाला की घरातले कोणी पाण्यात बोट घालून पाहते, कोणी सळई हाताने चाचपते. यातच जीव जातो. बटण चुकून न्यूट्रल तारेवर बसवलेले असेल, तर ते बंद केल्यावरही सळईपर्यंत वीज पोचलेली असते. म्हणून बटण बंद करून प्लग काढावा आणि मगच हात लावावा.

अजिबात तापत नसेल तर

सुरुवात बोर्डापासून करावी. त्याच सॉकेटात टेबलदिवा लावून पाहावा. नुसत्या टेस्टरवर विसंबू नये. न्यूट्रल तुटलेली असली तरी टेस्टर पेटतो, हीटर मात्र तापत नाही.

दिवा लागला तर प्लग पाहावा. १५०० वॅटचा हीटर साडेसहा अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच हवे. लहान सॉकेटात किंवा ढिल्या स्क्रूमुळे पिना तापून काळ्या पडतात. असा प्लग व सॉकेट दोन्ही बदलावे. मुठीजवळ वायर वाकून आतून तुटते, तेही पाहावे.

एवढे ठीक असेल तर वायरमनकडून मीटरवर सळई तपासावी. प्लगच्या दोन लहान पिनांमध्ये सुमारे ३५ ओहम दाखवले तर तार शाबूत आहे. काहीच दाखवले नाही तर तार तुटली. ही तार नळीत भुकटीत बंद असते. ती जोडता येत नाही, सळई बदलावी.

उशिरा तापत असेल तर

दोष बहुधा हीटरचा नसतो, व्होल्टेजचा असतो. २३० व्होल्टवर २० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर यायला साधारण अर्धा तास लागतो. व्होल्टेज १८० वर उतरले तर पाऊण तास लागतो.

मुंग्या येत असतील तर

पाण्याला किंवा बादलीला हात लागताच मुंग्या आल्या, तर तो हीटर त्याच दिवशी बाद करावा. नळीला चीर पडून आत ओल शिरलेली असते. मीटरवर दोष दिसला नाही, तरी तो पुन्हा वापरू नये.

बोअरच्या जड पाण्याने सळईवर क्षाराचे पुट चढते, आतली तार जास्त तापून जळते. सळई महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून, पुट सुटले की पुसावी. हीटर कोरडा कधीही चालू करू नये. पाणी खुणेपर्यंत असावे. बादली प्लास्टिकची असली तरी धोका टळत नाही.

अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जावे. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. घरात लेकरे असतील तर हा खर्च पुढे ढकलू नये.