मुक्काम कुठे करायचा?



अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की कितीतरी कुटुंबं मोटारीत सामान भरून लांबच्या प्रवासाला निघतात. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं तर सुमारे ४,७०० किलोमीटर गाडी चालवावी लागते. कुणी वाकडी वाट करून यलोस्टोनला जमिनीतून उडणारे गरम पाण्याचे फवारे बघतं, कुणी ग्रँड कॅनियनची प्रचंड दरी. रात्री ठरवून दिलेल्या जागी तंबू ठोकायचा. अशा बहुतेक जागी पाण्याचा नळ आणि संडास असतो.

ऐकायला छान वाटतं ना? पण बाईमाणूस प्रवासाला निघालं की पहिला प्रश्न मनात येतो तो थांबायचं कुठे, हाच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना हा प्रश्न कितीतरी वर्षं छळत होता.

१९२६ साली शिकागो ते लॉस एंजेलिस असा ‘रूट ६६’ हा मोठा महामार्ग ठरवला गेला. पुढे त्याचं मोठं नाव झालं. पण कृष्णवर्णीय माणसाकडे गाडी आणि पैसे असले, तरी वाटेतली अनेक हॉटेलं त्याला खोली देत नसत. जेवण मिळत नसे, संडास वापरू देत नसत. काही गावांत तर अंधार पडायच्या आत निघून जा, असा दम असे. म्हणून घरातल्या बाया निघतानाच सगळ्या प्रवासाचा स्वयंपाक बांधून घेत. पांघरुणं, पेट्रोलचा जादा डबा आणि लेकरांना लघवीला एखादं डबडं, हेही गाडीत असे. तंबूच्या जागीही भेद होता. व्हर्जिनिया राज्यातल्या शेनान्डोह राष्ट्रीय उद्यानात कृष्णवर्णीयांसाठी लुईस माउंटन नावाचा वेगळा तळ १९३९ साली उघडला होता.

हे आपल्याला नवं नाही. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमरावाची, म्हणजे बाबासाहेबांची आठवण आपण ऐकली असेल. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. पुढे रात्री शिदोरी जवळ होती, पण कुणी पाणी देईना, म्हणून लेकरं उपाशीच झोपली.

अमेरिकेत यावर उपाय काढला व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या पोस्टमननं. १९३६ साली त्यांनी एक छोटं पुस्तक छापलं. त्यांच्या आडनावावरून त्याला ‘ग्रीन बुक’ म्हणतात. कोणत्या गावात कृष्णवर्णीयांना खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे गाडीची दुरुस्ती, याचे पत्ते त्यात होते. पहिलं पुस्तक न्यूयॉर्कच्या भागापुरतं होतं, पुढे देशभराचे पत्ते आले. वाचकच नवे पत्ते कळवत. एस्सो कंपनीच्या पेट्रोल पंपांवरही ते मिळे.

त्यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. जिथे हॉटेल नव्हतं, तिथे साध्या घरांचे पत्ते होते, आणि त्यातली कितीतरी घरं बायांच्या नावावर होती. घरातली एक खोली झाडून-पुसून त्या प्रवाशांना देत. प्रवाशाला आसरा मिळे आणि घराला चार पैसे. ग्रीन १९६० साली वारले, तरी त्यांच्या पत्नी अल्मा यांनी काम चालू ठेवलं. १९६४ साली हॉटेल-खाणावळीत वर्णावरून भेद करायला कायद्यानं बंदी आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत हे पुस्तक बंद झालं. अशा पुस्तकाची गरजच उरू नये, हीच ग्रीन यांची इच्छा होती.

कायदा यायला २८ वर्षं लागली. तोवर लोकांना वाट दाखवली ती एकमेकांना कळवलेल्या पत्त्यांनी.

मैत्रिणींनो, आपणही बाजाराला, दवाखान्याला, बँकेत जातो. कोणत्या स्टँडवरच्या संडासाला कडी आहे, तालुक्याला उशीर झाला तर रात्री कुणाकडे थांबता येईल, हे प्रत्येकीला थोडं थोडं ठाऊक असतं. ते आपल्या पोटातच राहतं. पुढच्या बैठकीत बचतीची वसुली झाली की वहीचं एक पान त्यासाठी काढू या. प्रत्येकीनं एक जागा सांगायची. आणि ती जागा सगळ्या जातीधर्माच्या बायांना मोकळी आहे का, हेही त्याच ओळीत लिहायचं.