बोगदा संपेपर्यंत

मुंबईहून निघालेली कोकणगाडी संगमेश्वर मागे टाकते, उक्षी जातं आणि डब्यात एकदम अंधारून येतं. हा करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर लांबीचा. पोरंटोरं ठरल्याप्रमाणे आरडाओरडा करतात, मोबाइलची रेंज जाते, वडेवाला तसाच डोलत पुढे सरकतो. खिडकीपाशी बसलेल्या बाईंची छाती मात्र एकाएकी धडधडायला लागते. श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात, दरदरून घाम फुटतो. आता आपलं काही खरं नाही, आपण इथेच जाणार, नाहीतर चारचौघांत किंचाळत सुटणार, असं त्यांना वाटतं. शेजारी बसलेली जाऊबाई पाण्याची बाटली पुढे करत विचारते, ‘‘ताई, गॅस झालाय का हो?’’

या ताई कल्पनेतल्या, पण त्यांची तक्रार अगदी ओळखीची. बोलीत हिला अँग्झायटी अटॅक म्हणतात, मानसोपचारात नाव आहे पॅनिक अटॅक. आपल्या घरांमध्ये ती बहुतेक वेळा दुसऱ्याच नावाखाली लपते. ‘आईला गाडी लागते’ असं सांगितलं की लग्नाला, जत्रेला, नातवाच्या मुंजीला न जाण्याचं कारण मिळतं आणि पुढे कुणी खोदून विचारत नाही. खरी गाडी लागते तेव्हा मळमळतं, उलटी होते. आलेपाक आणि पुढची सीट यांवर बऱ्याच जणांचं भागतं. भीतीच्या झटक्यात भीती गाडीची नसतेच. गाडीतून हवं तेव्हा उतरता येणार नाही, याची असते.

झटका येतो तेव्हा शरीर आपलं जुनंच काम चोख करत असतं. वाघ दिसल्यावर पळायचं किंवा झुंजायचं, ही शरीराची तयारी अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये मांडली. अ‍ॅड्रिनलिन स्रवतं, हृदय वेगाने चालतं, श्वास भराभर होतो. पळापळ होतच नाही, त्यामुळे या जादा श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच मुंग्या, गरगर, डोळ्यांपुढे अंधारी येते. चक्कर येऊन पडू, ही भीती जवळपास प्रत्येकाला वाटते. पण या वेळी रक्तदाब सहसा वाढलेला असतो, त्यामुळे शुद्ध हरपणं विरळाच. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो. ताशी 80 किलोमीटरने धावणारी गाडी करबुड्याचा बोगदा पाच मिनिटांत पार करते. म्हणजे ताईंचा झटका शिगेला पोहोचेपर्यंत बाहेर भाताची खाचरं दिसूही लागलेली असतात.

हे दुखणं आजच्या धकाधकीचं, असं म्हणायची पद्धत आहे. इतिहास तसं सांगत नाही. 9 जून 1865 रोजी इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट इथे रेल्वेगाडी पुलावरून कोसळली, दहा माणसं दगावली. लटकत राहिलेल्या एका डब्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. ते बाहेर पडले, टोपीतून पाणी आणून जखमींना पाजलं आणि पुन्हा डब्यात शिरून ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’चं हस्तलिखितही काढून आणलं. एवढा शांत राहिलेला हा माणूस पुढे मात्र गाडीत बसला की घाबराघुबरा होई. साध्या घोडागाडीतही त्यांना भीतीची लाट येई आणि ती अवास्तव आहे हे कळूनही आवरत नसे. तरीही जाहीर वाचनांसाठी त्यांनी प्रवास चालू ठेवला, अमेरिकेचा दौरासुद्धा केला. अपघातानंतर बरोबर पाच वर्षांनी, 9 जूनलाच, त्यांचं निधन झालं. बर्लिनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी मोकळ्या चौकातून जायला घाबरणाऱ्या रुग्णांच्या दुखण्याला ‘अगोराफोबिया’ हे नाव दिलं, तेही 1871 मध्ये. ग्रीक भाषेत अगोरा म्हणजे बाजाराचा चौक. आज या नावाखाली बस, लोकल, विमान, रांग, गर्दी अशी निसटायला अवघड वाटणारी सगळी ठिकाणं येतात.

भीती टाळत राहिलं तर काय होतं, याची दोन उदाहरणं खेळाच्या मैदानातली आहेत. अमेरिकन फुटबॉलचे नामांकित प्रशिक्षक आणि समालोचक जॉन मॅडन यांनी 1979 नंतर विमानात पाय ठेवला नाही. विमान पडेल ही त्यांची धास्ती नव्हती. बंद जागेत कोंडलं जाणं त्यांना सोसत नसे. सामन्यांसाठी ते खास बसने देशभर हजारो मैल फिरले. डच फुटबॉलपटू डेनिस बर्गकँपनेही 1994 च्या विश्वचषकानंतर विमानप्रवास सोडला. आर्सेनल क्लबने त्याची अट मान्य केली, पण युरोपातल्या दूरच्या सामन्यांना त्याला मुकावं लागलं. 2014 मध्ये क्लबने स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभारला. त्यात तो चेंडू पायावर घेण्यासाठी हवेत झेपावलेला आहे!

मॅडनना बस परवडली. सामान्य माणसाच्या टाळाटाळीला एवढी ऐपत नसते. आधी बोगदा टळतो, मग घाट, मग फास्ट लोकल, शेवटी कोपऱ्यावरचा बाजारही. प्रत्येक वेळी मध्येच उतरल्यावर हायसं वाटतं आणि मेंदू हिशेब मांडतो की उतरलो म्हणून वाचलो. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये झटक्याचं जे चक्र मांडलं, त्यात मुख्य दोषी आहे चुकीचा अर्थ. धडधड वाढली की माणूस ‘हार्टअटॅक’ असं वाचतो, त्याने भीती वाढते, भीतीने धडधड. हे चक्र तोडायचं तर धडधड चालू असताना जागेवर बसून राहावं लागतं.

त्यासाठी उपचारात शिडी बांधतात. ठाणे-मुलुंडच्या माणसाची शिडी अशी असू शकेल: दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने एकच स्टेशन, सोबत कुणीतरी. मग तोच प्रवास एकट्याने. मग तीन स्टेशनं. मग दारापासून दूरची सीट. मग घाटकोपरपर्यंत फास्ट. मग पुण्याची गाडी आणि खंडाळ्याच्या घाटातले बोगदे. करबुडे सगळ्यात वर. भीती बऱ्यापैकी ओसरेपर्यंत पायरी सोडायची नाही, आणि घाबरून अधेमध्ये उतरायचं नाही. पर्समधली गोळी, हातातली बाटली, ‘ह्यांच्याशिवाय नाही’ हा हट्ट, या कुबड्याही एकेक करून सुटाव्या लागतात. काही उपचारक दवाखान्यातच खुर्चीत गोल फिरवून किंवा जागच्या जागी धावायला लावून मुद्दाम धडधड आणि गरगर घडवतात. शरीराची ती खळबळ निरुपद्रवी आहे, हे रुग्णाला तिथेच कळतं.

ऐन झटक्यात शेजाऱ्याने काय करावं? ‘काही होत नाही तुला’ म्हणून उडवून लावू नये आणि धावाधावही करू नये. ‘‘ओळखीचंच आहे हे, दहा मिनिटांत उतरेल, मी आहे इथे,’’ एवढं पुरतं. श्वास हळू घ्यावा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. प्लॅस्टिकच्या किंवा कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सुचवत नाहीत. प्रवासाच्या दिवशी चहा-कॉफीचे पेले कमी, झोप पुरेशी, पोटात काहीतरी असावं.

पहिल्यांदाच छातीत दुखलं, तर मात्र ‘भीतीच असेल’ म्हणून बसू नये, ईसीजी काढावा. थायरॉईड, रक्तातली कमी साखर, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांचीही लक्षणं अशीच दिसतात. रेल्वेत वैद्यकीय मदतीसाठी 139 हा क्रमांक आहे.

औषधांबद्दल दोन गोष्टी. नैराश्यविरोधी गटातली औषधं या विकारावर उपयोगी पडतात, पण गुण यायला काही आठवडे लागतात. अल्प्राझोलमसारख्या गोळीने तासाभरात बरं वाटतं, पण तिची सवय लागते आणि दारूबरोबर ती घातक ठरते. नातेवाइकाने दिलेली अशी गोळी प्रवासात पहिल्यांदाच घेऊन पाहू नये. दुबईला निघालेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: संयुक्त अरब अमिरातीत अशा नियंत्रित औषधांसाठी आधी परवानगी लागते, नुसती चिठ्ठी पुरत नाही.

आणि ज्यांना कुणाकडे जावं हेच कळत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. 14416 वर चोवीस तास फोन लागतो, मराठीतही बोलता येतं.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं. म्हणजे शिमग्याला कोकणात जायचं तिकीट काढल्यापासून गाडी सुटेपर्यंत हातात आठ आठवडे उरतात. आठवड्याला एक पायरी धरली, तर ठाणे-मुलुंडची ती शिडी तेवढ्यात चढून होते. पहिली पायरी चढायला दुपारची स्लो लोकल आणि एका स्टेशनाचं तिकीट पुरेसं आहे.